श्वासांची गणना

गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमगाव मागे पडले की धानाच्या बांध्या विरळ होत जातात, दरेकशाच्या बाजूचे डोंगर आणि रान जवळ येऊ लागते, आणि या दोन प्रदेशांच्या सीमेवर सालेकसा हे तालुक्याचे गाव लागते. पूर्वेस छत्तीसगडची हद्द आहे, बालाघाट जिल्हाही फार दूर नाही, आणि तालुक्यात गोंड समाजाची पुरातन वस्ती असून त्यांचे कचारगड हे श्रद्धास्थान याच रानात आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०१६ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तथापि सालेकशाच्या ग्रामीण रुग्णालयापासून ते सुमारे ४० किलोमीटरवर आहे, आणि रोवणीच्या दिवसांत, भर पावसात, एखाद्या आडबाजूच्या टोल्यावरून रुग्णाला प्रथम सालेकशापर्यंत आणावयाचे व तेथून पुढे न्यावयाचे म्हणजे किती वेळ जाईल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

तो सारा वेळ रुग्ण कोणाच्या नजरेखाली असतो, हा प्रश्न मला या प्रकरणाचा आरंभबिंदू वाटतो. वैद्यकीय अधिकारी येतात, तपासतात, औषधयोजना लिहून देतात आणि पुढच्या रुग्णाकडे किंवा प्रसूतिगृहाकडे जातात. खाटेपाशी राहते ती परिचारिका, जिला गावात सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. रुग्णाची प्रकृती ढासळू लागली तर ते प्रथम तिलाच दिसावयाचे असते, आणि दिसले तर पुढचे सर्व उपचार शक्य असतात. म्हणून अत्यवस्थ रुग्णाच्या शुश्रूषेतील आद्य ज्ञान कोणते, असे कोणी विचारले तर औषधांची मात्रा किंवा यंत्रांची हाताळणी यांच्याही आधी मी श्वासांच्या मोजणीचे नाव घेईन, जरी ती गोष्ट इतकी साधी आहे की शिकविणारे तिच्यावर फार वेळ खर्च करीत नाहीत.

मृत्यू अकस्मात येतो अशी आपली समजूत असते, आणि रुग्णालयात एखाद्याचे हृदय बंद पडले की नातेवाइकांना ती घटना अकस्मातच वाटते. अमेरिकेतील मायामी येथे शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीची तपासणी केली आणि १९९० साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. रुग्णालयात दाखल असताना ज्यांचे हृदय बंद पडले अशा ६४ रुग्णांचे दप्तर त्यांनी बारकाईने चाळले, तेव्हा त्यांपैकी ८४ टक्के रुग्णांत त्या घटनेच्या आधीच्या आठ तासांत प्रकृती बिघडल्याची किंवा नवी तक्रार उद्भवल्याची नोंद आढळली. खबर आलेली होती, ती लिहूनही ठेवली गेली होती. तिचा अर्थ लावून कोणाला तरी बोलावणे मात्र राहून गेले होते.

या पूर्वसूचनांत श्वासाची गती सर्वांत विश्वासू आहे, आणि त्याचे कारण शरीराच्या व्यवस्थेतच दडलेले आहे. रक्तात आम्ल साठू लागले, मग ते जंतुसंसर्गाने असो, रक्तस्रावाने असो वा मधुमेहाच्या बिघाडाने असो, की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र फुप्फुसांना अधिक वेगाने चालावयास लावते, जेणेकरून कर्बवायू बाहेर टाकून रक्ताचा समतोल राखला जावा. प्राणवायू कमी पडला तरी तोच हुकूम सुटतो. रक्तदाब मात्र पुष्कळ उशिरा खाली येतो, कारण रक्तवाहिन्या आकुंचित करून आणि हृदयाची गती वाढवून शरीर तो दीर्घकाळ सावरून धरते. सशक्त तरुण माणसाचे तीस टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत वरचा दाब जवळजवळ पूर्ववत दिसू शकतो. त्यामुळे ‘दाब चांगला आहे’ एवढ्या एका वाक्यावर जो निश्चिंत झाला, त्याने शरीराची शेवटची सूचनाच तेवढी ऐकावयाची ठरविली आहे, असे म्हणावे लागते.

इतके असूनही, जगभरच्या रुग्णालयांत ज्या मापनाची सर्वाधिक हेळसांड होते ते हेच होय. ताप तापमापकाने मोजला जातो, दाब यंत्राने मोजला जातो, नाडी आणि प्राणवायू बोटावरच्या चिमट्यावर उमटतात; श्वास मोजण्यासाठी मात्र एक मिनिट उभे राहावे लागते, आणि ते मिनिट सापडत नाही म्हणून तक्त्यावर ओळीने १८ किंवा २० हे आकडे उतरत जातात. यात परिचारिकेला दोषी धरणे मला अन्यायाचे वाटते, कारण एका सिस्टरच्या हवाली आख्खा वॉर्ड असेल तर प्रत्येक खाटेपाशी ते मिनिट काढणे किती कठीण आहे हे उघड आहे. परंतु न मोजता लिहिलेला आकडा कोऱ्या रकान्यापेक्षा घातक असतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण कोरा रकाना पाहून पुढच्या पाळीची परिचारिका स्वतः मोजील, तर १८ हा आकडा पाहून ती पुढे जाईल.

मोजण्याची रीत अशी. रुग्ण निवांत असावा, आणि आपला श्वास मोजला जात आहे हे त्याला कळू नये, कारण कळताच त्याची लय बदलते. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटे मनगटावर तशीच ठेवावीत, रुग्णाचा हात त्याच्या छातीवर आणावा, आणि नजर घड्याळाच्या काट्यावर ठेवून हाताचे वर येणे पूर्ण साठ सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा प्रघात आहे, पण एका श्वासाची चूक त्यात चारांची होते, आणि प्रौढाच्या बाबतीत वीस व चोवीस यांतील अंतर म्हणजे स्वस्थता आणि धोका यांतील अंतर असू शकते. मोजताना आकड्यापलीकडेही पाहावयाचे असते: मानेचे स्नायू ताणले जात आहेत काय, नाकपुड्या फुलत आहेत काय, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात आहे काय, रुग्ण पूर्ण वाक्य बोलू शकतो की दोन शब्दांनंतर थांबतो.

या मोजणीचे सामर्थ्य किती आहे याचा दाखला आपल्याच विदर्भात, शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मिळालेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांत बालकांच्या न्यूमोनियाविरुद्ध जो प्रयोग केला, त्यात निरक्षर दायांनाही श्वास मोजता यावा यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधे साधन तयार करण्यात आले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजावयाचे. दोन महिन्यांच्या आतील बाळास मिनिटाला ६०, वर्षाच्या आतील बाळास ५० आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलास ४० ही मर्यादा आज जगभर मानली जाते. गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून तेथेच औषध दिल्याने बालमृत्यू कसे घटले, याचा वृत्तांत १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीच्या हाती जर ही गणना इतकी फलदायी होते, तर शिकलेल्या परिचारिकेने तिला गौण मानण्याचे काही कारण उरत नाही.

बोटावर लावावयाचा प्राणवायूमापक अलीकडे सर्वत्र पोहोचला आहे आणि त्याचा उपयोग निर्विवाद मोठा आहे; त्यामागील तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडले. परंतु बोटे थंड पडली असतील, नखांवर गडद रंग असेल किंवा रुग्ण थरथरत असेल तर त्याचा आकडा फसवा ठरतो. सालेकशाच्या भागात याला आणखी एक पदर आहे, तो सिकलसेलचा. पूर्व विदर्भातील अनेक समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात प्राणवायू कमी पडला, शरीरातील पाणी घटले किंवा थंडी बाधली की तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य वेदना उठतात. अशा रुग्णाचा मापकावरील आकडा स्वस्थ अवस्थेतही काहीसा कमी असू शकतो, म्हणून त्याची तुलना पुस्तकातील आकड्याशी करण्याऐवजी त्याच रुग्णाच्या नेहमीच्या आकड्याशी करावी लागते. वेदनेने तळमळत आलेल्या सिकलसेल रुग्णास वेदनाशामक, पाणी आणि ऊब मिळाल्यावर तो शांत झोपतो, आणि धोका याच वेळी असतो. ताप चढला, छातीत दुखू लागले, श्वास पंचविसांच्या पुढे गेला तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या तुंबू लागल्या असण्याचा संभव असतो, आणि मग वरिष्ठ रुग्णालयात पाठविण्याची तजवीज त्याच क्षणी करावी लागते.

वेगवेगळी मापने एकत्र वाचण्यासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली एक गुणपद्धती प्रसिद्ध केली आणि २०१७ साली ती सुधारली. श्वास, रक्तातील प्राणवायू, वरचा रक्तदाब, नाडी, तापमान आणि शुद्धी या सहांना, स्थिती जितकी नेहमीहून ढळलेली तितके अधिक, असे शून्य ते तीन गुण द्यावयाचे, आणि रुग्णाला बाहेरून प्राणवायू लावला असेल तर आणखी दोन. श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २१ ते २४ असेल तर दोन, २५ किंवा अधिक असेल तर तीन, आणि ८ किंवा कमी असेल तरीही तीनच. बेरीज पाच झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहावयाचे, सात झाली की तो आणीबाणीचा प्रसंग. या पद्धतीचा मला वाटणारा मोठा गुण असा की, ‘मला या रुग्णाचे काही ठीक दिसत नाही’ या अनुभवी परिचारिकेच्या जाणिवेला ती आकड्याचे बळ देते. आणि उणीव अशी की जाणीव तीव्र असूनही बेरीज तीनच भरते असे प्रसंग येतात, तेव्हा तक्त्यापेक्षा जाणिवेला मान द्यावा.

मात्र सर्व विकारांत श्वास वाढतोच असे नाही, आणि धानाच्या प्रदेशात ज्या रुग्णाची सर्वाधिक भीती बाळगावी त्याच्या बाबतीत तो हळूहळू मावळत जातो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मृत्यू पावली असा एका व्यापक पाहणीचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपैकी मण्यार हा रात्री हिंडणारा साप जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका वेदनारहित असतो की माणसाला जाग येईलच असे नाही, आणि खूण तर पुष्कळदा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखते, ओकारी येते, आणि घरचे त्याला अपचनाचे दुखणे समजून सकाळची वाट पाहतात. पावसाळ्याच्या दिवसांत, जमिनीवर झोपून उठलेला आणि पोटदुखीची तक्रार घेऊन पहाटे आलेला कोणताही रुग्ण परिचारिकेने या दृष्टीने पाहावाच.

पाहावयाचे काय, ते सोपे आहे. रुग्णाला डोके न हलवता वर, छताकडे पाहावयास सांगावे आणि पापण्यांकडे निरखून बघावे. त्या अर्ध्यावर येऊन अडल्या, किंवा वर ठेवण्यासाठी तो कपाळाला आठ्या घालू लागला, तर विषाने मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला सांधा गाठला आहे. दोन दोन वस्तू दिसणे, घोट गिळता न येणे, आवाज घोगरा होणे, मान उशीवरून उचलता न येणे, या क्रमाने लुळेपणा वरून खाली उतरतो आणि अखेरीस श्वासाचे स्नायू थकतात. येथे मिनिटाची गणना अपुरी पडते, म्हणून आणखी एक चाचणी करावी: एक खोल श्वास घेऊन त्या एकाच श्वासात रुग्णाला मोठ्याने अंक म्हणावयास सांगावे, मराठीत, हिंदीत, गोंडीत, जी त्याची बोली असेल तिच्यात, आणि तो कुठवर पोहोचला ते वेळेसह लिहून ठेवावे. आल्याबरोबर जो पस्तिसापर्यंत गेला तो तासाभरात विसाच्या आत अडखळू लागला, तर मापकावर ९७ दिसत असले तरी तो बुडत चालला आहे असे समजावे, कारण प्राणवायूचा आकडा अगदी शेवटी कोसळतो.

मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांचीच हानी करीत असल्याने, एकदा आलेला लुळेपणा प्रतिविषाने लगेच मागे हटत नाही. तोवर कोणीतरी रुग्णासाठी श्वास घ्यावा लागतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा यंत्रे अपुरी पडल्याने ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबीत रुग्णांना आठवडेच्या आठवडे जिवंत ठेवले होते. आज प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असणारी अँबू पिशवी याच दशकात डेन्मार्कमध्ये जन्मास आली. पाच-सहा सेकंदांना एकदा, छाती हलकेच वर येईल इतकीच ती दाबावी. घाईने अधिक दाबली तर हवा पोटात जाते आणि ओकारीचे द्रव्य फुप्फुसांत शिरण्याची भीती असते. या अवस्थेतील रुग्णाच्या पापण्या मिटलेल्या असतात, हातपाय निश्चेष्ट असतात, डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशालाही प्रतिसाद देत नाहीत, आणि त्यामुळे तो गेला असे समजून घरची माणसे आक्रोश करू लागतात. पण विषाने त्याची शुद्धी गेलेली नसते, त्याला सारे ऐकू येत असते. त्याच्या कानाशी वाकून, त्याला नावाने हाक मारून, ‘भाऊ, साप चावला आहे, अंग लुळे पडले आहे, ते परत येईल, मी इथेच आहे’ असे सांगत राहणे हा माझ्या मते उपचाराचाच भाग आहे.

घोणस आणि फुरसे यांचे विष निराळ्या वाटेने जाते. ते रक्ताची गोठण्याची शक्ती हिरावून घेते. त्याची परीक्षा काचेच्या एका नळीत होते. शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर ताजे रक्त नव्या, कोरड्या, काचेच्या नळीत घालून ती खाटेशेजारी वीस मिनिटे मुळीच न हलवता उभी ठेवावी आणि नंतर एकदाच तिरपी करावी. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष अंगात भिनलेले आहे. नळी साबणाने धुतलेली असेल किंवा प्लास्टिकची असेल तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही आणि निदान चुकते, म्हणून अशा कोऱ्या नळ्या वेगळ्या डब्यात जपून ठेवणे हे परिचारिकेचे काम फार मोलाचे आहे. प्रतिविषाच्या साधारणतः दहा कुप्या सलाइनमधून सुमारे तासाभरात दिल्या जातात, आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने मुलाला विष कमी दिलेले नसते. कुपीतील भुकटी विरघळविताना ती जोराने हलवू नये, हळुवार फिरवावी. प्रतिविष सुरू करण्यापूर्वीच अॅड्रेनॅलिन पिचकारीत भरून उशाशी तयार असावे. खाज, गांधी, खोकला, ओकारी, धाप यांपैकी काही दिसताच प्रतिविष थांबवून प्रौढास अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या अंगास स्नायूत टोचावयाचे. पहिला तास परिचारिकेने त्या खाटेपासून दूर जाऊ नये. गावाकडे मांत्रिकाने बांधलेली दोरी रुग्णाच्या पायाला असेल तर तीही एकदम सोडू नये. सलाइन लागलेले, डॉक्टर हजर आणि अँबू पिशवी हाताशी, अशा बंदोबस्तातच सोडावी.

बाळंतिणीच्या रक्तस्रावाविषयी थोडक्यात एवढेच सांगतो की, तेथेही दाबाआधी नाडी बोलते. नाडीच्या ठोक्यांना वरच्या दाबाच्या आकड्याने भागले असता उत्तर ०.९ च्या पुढे गेले, म्हणजे नाडी दाबाला गाठू लागली, तर कापडात मुरलेले रक्त डोळ्यांना थोडे दिसत असले तरी ते पुष्कळ आहे असे धरावे, गर्भाशय चोळावे आणि मदत बोलवावी. फाल्सिपेरम हिवतापाच्या रुग्णाची शुद्धी हरपू लागली तर मेंदूच्या हिवतापाची शंका घेण्याबरोबरच त्याच मिनिटाला बोट टोचून साखर पाहावी. या तापात, विशेषतः लहान मुले व गरोदर स्त्रिया यांत, साखर धोक्याच्या पातळीखाली घसरू शकते.

आता डॉक्टरांना बोलावण्याविषयी. रात्री दोन वाजता दिवसभर राबलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यास उठवावयाचे म्हणजे नव्या परिचारिकेची जीभ जड होते, आणि ‘सर, पेशंट जरा ठीक वाटत नाही’ या वाक्याला ‘सकाळी बघू’ हे उत्तर येऊ शकते. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरील निरोप देण्याच्या शिस्तीतून रुग्णालयांनी एक क्रम उचलला आहे, तो पाठ असावा: कोण रुग्ण आणि आता काय झाले, पूर्वपीठिका काय, मला काय आढळले, मला काय हवे. ‘सर, तीन नंबरच्या खाटेवरचा रुग्ण, पहाटे पोटदुखीने आलेला, जमिनीवर झोपला होता, श्वास तासापूर्वी अठरा होता आता दहा आहे, एका श्वासात बारापर्यंतच मोजतो, पापण्या उतरल्या आहेत, आपण आत्ता यावे.’ या वाक्यांना ‘सकाळी बघू’ म्हणणारा डॉक्टर मिळणे अवघड आहे. तरीही उत्तर आले नाही तर दुसऱ्यांदा, आणि मग त्यांच्या वरिष्ठांना दूरध्वनी करण्याची मुभा परिचारिकेला लेखी असावी, केवळ रिवाज म्हणून नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

रुग्ण गोंदियास हलवावयाचा ठरला तर १०८ ची गाडी येईपर्यंत प्रतिविषाची पहिली मात्रा सुरू झालेली असावी; ‘पुढे गेल्यावर देतील’ म्हणून ती रोखून ठेवली तर वाटेतला सारा वेळ विषाच्या बाजूला जातो. घोट गिळता न येणाऱ्याला कुशीवर वळवून न्यावे, अँबू पिशवी व शोषकनलिका गाडीत चालत्या स्थितीत आहेत याची खातरजमा स्वतः करावी, आणि रुग्णाबरोबर जाणाऱ्या कागदावर आकड्यांपुढे घड्याळाची वेळ असावी: दंशाची अदमासे वेळ, प्रतिविष सुरू केल्याची वेळ, किती कुप्या दिल्या, अॅड्रेनॅलिन लागले असल्यास केव्हा, आणि श्वासांची दर पंधरा मिनिटांची नोंद. नळीतील रक्ताची परीक्षा प्रतिविषानंतर सहा तासांनी पुन्हा करावयाची असते, आणि ते सहा तास केव्हा भरतात हे गोंदियाच्या परिचारिकेला सालेकशाच्या परिचारिकेने लिहिलेल्या त्या एका वेळेवरूनच कळते.